बॉल पायथनला खानदेशचं ऊन मानवत नाही, त्याला वारूळ लागतं

गेल्या उन्हाळ्यापासून एक मजकूर जळगाव-धुळ्याकडच्या प्राणी पाळणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर फिरतोय. मला तो निदान दहा जणांनी पाठवला, ‘काका, हे खरं का?’ असं विचारत. मजकूर असा आहे:

‘बॉल पायथन पाळणं एकदम सोपं. आफ्रिकेतला साप आहे, खानदेशचं ऊन त्याला मानवतं. काचेची पेटी, तळाला नदीची वाळू, वर जाळी, बस. थंडीत एक लाल बल्ब लावा. थर्मोस्टॅट वगैरे विकणाऱ्यांचे चोचले. पेटी लहानच ठेवा, मोठ्या पेटीत साप घाबरतो आणि खाणं सोडतो. बिनविषारी आहे, त्यामुळे नोंदणी-बिंदणी लागत नाही. पंधराशे रुपयांत सगळं होतं.’

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट असेल असं मला वाटत नाही. एखाद्याचा साप असा वर्षभर जगलाही असेल. पण यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यापायी साप मरू शकतो, आणि एका गोष्टीपायी माणूससुद्धा. मी सात वर्षं जळगावात बॉल पायथन पाळतोय, तेव्हा एकेक वाक्य घेतो.

‘आफ्रिकेतला साप आहे, खानदेशचं ऊन त्याला मानवतं.’

आफ्रिका म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं. हा साप वाळवंटातला नाही. सेनेगलपासून घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया असं करत पूर्वेला युगांडापर्यंत जो गवताळ माळांचा आणि विरळ जंगलाचा पट्टा आहे, तो त्याचा मुलूख. कोरड्या दिवसांत तिथेही दुपारी ऊन भाजून काढतं, पण त्या उन्हात हा साप नसतोच. दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीनं सोडून दिलेल्या वारुळात वेटोळं घालून पडलेला असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बिळात हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट असते. आपण ‘आफ्रिकेचं ऊन’ म्हणतो ते त्याच्या अंगाला फारसं लागतच नाही.

आपल्याकडचा नाग घ्या ना. मे महिन्यात दुपारी दोनला रिकाम्या रानात नाग फिरताना कुणी पाहिलाय? तो वारुळात असतो, बांधाच्या बिळात असतो, विहिरीच्या कपारीत असतो. इथे जन्मलेला साप इथल्या उन्हात टिकत नाही, आणि परक्या मुलखातल्या सापाला ते मानवेल असं आपण सांगत सुटलोय.

आता आकडे. बॉल पायथनच्या पेटीत एक टोक ऊबदार हवं, ३१ ते ३३ अंश. दुसरं थंड, २५ ते २७. सापाच्या अंगात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही. खाल्लेलं पचवायला तो ऊबेकडे जातो, अंग निववायला थंडाव्याकडे सरकतो. दोन टोकांतला हा फरक म्हणजेच त्याची सगळी सोय. ३५च्या वर तासन्‌तास राहिलं की धोका सुरू होतो आणि ४०मध्ये साप कोंडला तर तो मरतो. जळगाव-भुसावळचा मे महिना मी कुणाला सांगायला नको. पारा ४५ला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत तर रात्री अकरालाही भिंती गरम लागतात.

गेल्या वैशाखात भुसावळच्या एका पोराचा फोन आला. म्हणाला, ‘काका, माझा साप दिवसभर पाण्यातच बसतो. त्याला पाणी लई आवडतं.’ मला ते ऐकूनच बरं वाटलं नाही. संध्याकाळची वाट न बघता गेलो. वर पत्रे, खिडकीशी टेबल, टेबलावर दोन फुटी काचेची पेटी. तळाला वाळू, कोपऱ्यात स्टीलचा कटोरा, आणि त्या कटोऱ्यात साप असा दाबून बसलेला की पाणी काठावरून सांडलं होतं. मी तापमापकाची तार आधी खिडकीकडच्या टोकाला टेकवली: ४१. मग दुसऱ्या टोकाला: ४०. त्या पोरानं विचारलं, ‘म्हणजे एका अंशाचाच फरक?’ हो, एकाच अंशाचा. साप जाणार कुठे? अख्ख्या पेटीत कटोऱ्यातलं पाणी तेवढं जरा थंड होतं.

बॉल पायथन दिवसरात्र पाण्यात बसू लागला की ती खूण समजा. पेटी फार तापलीय, फार कोरडी झालीय, नाहीतर अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झालेत. पाण्याची हौस म्हणून तो तिथे तासन्‌तास बसत नाही.

खानदेशात उन्हाळाभर पेटी गरम करण्यापेक्षा थंड ठेवणं जास्त अवघड आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण तिकडे उलटी अडचण असते. आमच्या घरी पेटी खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून, जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. उन्हाच्या वाटेत काचेची पेटी कधीच ठेवू नका, अर्ध्या तासात तिची भट्टी होते. मार्च ते जून खोलीत कूलर चालतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर सापासाठी एसीपेक्षा बरा, कारण तो गारवा देतो आणि हवेत ओलही सोडतो. झोत मात्र थेट पेटीवर नको. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून पाणी मारलं तर आणखी चांगलं. वीज गेली तर बाटलीत गोठवलेलं पाणी फडक्यात गुंडाळून पेटीच्या थंड टोकाला बाहेरून टेकवायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. हवा जायची जागा तेवढी उघडी ठेवायची. मागच्या मे महिन्यात सहा तास लाईट नव्हती, तेव्हा एवढ्यावरच आमचं भागलं.

‘थंडीत एक लाल बल्ब लावा. थर्मोस्टॅट वगैरे चोचले.’

थंडीत ऊब लागते हे बरोबर आहे, खानदेशात ते मान्य करावंच लागेल. पौषात धुळ्या-जळगावला पारा दहाच्या खाली उतरतो. पण बल्बला किती तापायचं ते कळत नाही. संध्याकाळी खोली २४ असताना लावलेला बल्ब पहाटे खोली १५वर आली तरी तेवढाच तापतो, आणि दुपारी खोली ३०वर गेली तरीही तेवढाच. पहाटे साप गारठतो, दुपारी भाजतो.

भाजतो हे मी शब्दशः म्हणतोय. पेटीत उघड्या ठेवलेल्या बल्बला किंवा अति तापलेल्या तळाला साप चिकटून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही. वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा आहेत, त्यांनी तो अंधारात उंदीर बरोबर हेरतो, पण पोटाखालचा चटका त्याला वेळेत उठवत नाही. पोटाचे खवले आधी गुलाबी होतात, मग तपकिरी आणि कडक, मग गळतात. असा साप मी हातात धरलाय. बरा व्हायला कित्येक महिने आणि कित्येक कात लागतात.

थर्मोस्टॅट म्हणजे काय महागाचं यंत्र नव्हे. आपल्याकडे कोंबडीपालन करणारे अंडी उबवण्याच्या पेटीला जो लावतात, तसाच. त्याची तार गरम टोकाला टेकवायची, आकडा ३२वर ठेवायचा, आणि तिथे पोचलं की तो वीज आपोआप तोडतो. ऊब देण्यासाठी बल्बऐवजी सिरॅमिकचा हीटर घ्या. तो उजेड करत नाही. लाल उजेड सापाला दिसत नाही ही समजूतही सोडा, रात्रभर पेटी लालभडक ठेवली की निशाचर प्राण्याची रात्रच जाते. हीटरभोवती तारेचा पिंजरा मात्र हवाच. काचेला चिकटवायचे गोल काटेवाले मापक घेऊ नका. ते काचेचं तापमान सांगतात, सापाचं नाही.

‘तळाला नदीची वाळू.’

गिरणेची वाळू घराला चांगली. पेटीत ती कोरडी राहते, धुरळा करते, भक्ष्याला चिकटून पोटात जाते, आणि ओल धरून ठेवत नाही. बॉल पायथनला हवेत साधारण ६० टक्के ओल लागते, कात टाकायच्या दिवसांत त्याहून जरा जास्त. आपल्या एप्रिल-मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. त्या हवेत साप काय करणार?

कात कशी पडते ते एकदा नीट बघा, म्हणजे ओलीचं महत्त्व कुणी पटवून द्यावं लागणार नाही. आधी रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसतं. मग डोळे दुधाळ निळे होतात, जुन्या काचेच्या गोटीसारखे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, हात लावायचा नाही. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि वाटतं, काहीच झालं नाही. त्यानंतर काही दिवसांत तो नाक दगडावर घासतो, ओठापाशी कात सुटते, आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती शेपटीपर्यंत एकसंध निघते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. तोसुद्धा कातीबरोबर निघाला पाहिजे. म्हणून मी प्रत्येक कात उजेडासमोर धरून दोन्ही डोळ्यांच्या चकत्या आल्यात का ते बघतो, आणि शेपटीचं टोक बघतो.

भुसावळच्या त्या सापाच्या अंगावर कांद्याच्या सालीसारखे तुकडे होते. उजव्या डोळ्यावर जुना खवला तसाच, म्हणून डोळा सुरकुतलेला. शेपटीच्या टोकाला मागच्या दोन कातींची कडी एकावर एक बसलेली. ती कडी वाळून आवळत गेली की रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून झडतं. आम्ही ओल्या पंच्यात त्याला अर्धा तास ठेवलं, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यातून तो आपणहून सरकत गेला, तेव्हा कडी निघाली. डोळ्याला हात लावला नाही. नखानं किंवा चिमट्यानं डोळ्याचा खवला काढायला जाणाऱ्यांनी सापाचे डोळे घालवलेत. ओल वाढवली तर पुढच्या कातीबरोबर तो बहुतेकदा निघतो, नाही निघाला तर पशुवैद्याकडे न्यायचं.

तळाला काय घालायचं? आपण याबाबतीत नशीबवान आहोत. केळीच्या रोपांच्या नर्सऱ्या जिल्ह्याभर आहेत आणि तिथे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिळतो. दोनदा पाण्यात धुऊन क्षार घालवायचे, पिळून सुकवायचं, आणि चार बोटं जाड थर द्यायचा. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांतून ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि पोट टेकतं तो वरचा कोरडा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. आषाढ-श्रावणात आपली हवा मुळातच ओली असते, तेव्हाही तेवढंच पाणी घालत राहिलात तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि छातीत कफ धरतो. साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तर घरचे उपाय करत बसू नका.

शेतातलं काहीही उचलून पेटीत घालायचा मोह होतो. कपाशीच्या पऱ्हाट्या सुंदर दिसतात, फुकट असतात, पण त्यांच्यावर हंगामभर किती फवारण्या झाल्या ते शेतकऱ्याला विचारा. केळीच्या वाळल्या पानांचंही तसंच. परसातल्या पेरूची जाड फांदी घ्या, घासून धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. आणि पेटी फिनाईलनं पुसू नका. फिनाईल सापाला विष आहे.

‘पेटी लहानच ठेवा, मोठ्या पेटीत साप घाबरतो आणि खाणं सोडतो.’

या वाक्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणून ते सगळ्यांना पटतं.

माझ्या सापासाठी मी सुरुवातीला हौसेनं चार फुटी पेटी केली. आत एक पाण्याचं भांडं, एक लपायची जागा, बाकी मोकळं मैदान. सापानं चार महिने खाल्लं नाही. मला तेव्हा हेच सांगण्यात आलं, ‘डब्यात टाक, खाईल.’ डब्यात टाकला आणि त्यानं खाल्लं. त्यावरून मी वर्षभर सगळ्यांना हेच सांगत फिरलो. ज्यांना सांगितलं त्यांना आता हा लेख पाठवतोय.

साप मोठ्या जागेला भ्यायला नव्हता, उघड्यावर असण्याला भ्यायला होता. बॉल पायथनचा स्वसंरक्षणाचा उपायच मुळी चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवणं हा आहे, त्यावरूनच त्याला बॉल म्हणतात. अशा प्राण्याला चार फूट मोकळ्या जमिनीवर सोडणं म्हणजे सशाला क्रिकेटच्या मैदानावर सोडणं. पुढे मी तीच पेटी भरली. गरम टोकाला एक आणि थंड टोकाला एक अशा दोन घट्ट बसणाऱ्या लपणी, मध्ये पेरूची फांदी, मागे तीन बाजूंनी काळा कागद, कोपऱ्यात वाळलेला पाला. साप परत त्यात सोडला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं खाल्लं आणि तेव्हापासून नियमानं खातोय. हिवाळ्यात नर बरेचदा काही आठवडे खात नाही, ते वेगळं, वजन टिकून असेल तर त्याची काळजी करायची नाही.

लपणी म्हणाल तर फुटका माठ. विकतच्या प्लास्टिकच्या गुहांपेक्षा मला तो कितीतरी चांगला वाटतो. तोंडाकडचा भाग फोडून कडा घासायच्या, माठ आडवा अर्धा कोकोपीटमध्ये पुरायचा, आत मूठभर ओलं शेवाळ. माती पाणी पिते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे आतला गारवा आणि ओल दोन्ही टिकतात. वेटोळं घातलेल्या सापाच्या पाठीला वरची माती टेकली पाहिजे इतकाच तो मोठा हवा. थोडक्यात, ते वारूळ झालं.

मग मोठी पेटी कशाला? मादी साडेचार-पाच फुटांपर्यंत जाते, नर तीन-साडेतीन. दोन फुटी पेटीत ते अंग सरळ करूच शकत नाहीत, शिवाय दोन फुटांत गरम-थंड असा फरक पडत नाही, हे वर ४१-४०मध्ये पाहिलंच. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच एवढी जागा मोठ्या सापाला हवी. उंचीची गरज नाही असंही लोक म्हणतात. नायजेरियातल्या जंगली बॉल पायथनच्या अभ्यासात लहान साप आणि नर पक्षी बरेच खातात असं दिसलं, आणि बहुतेक पक्षी जमिनीत बिळं करून राहत नाहीत. माझा साप रात्री फांदीवर असतो. डब्यात होता तेव्हा मला हे कधी कळलंच नसतं.

डब्याची पद्धत आली कुठून, तर शेकडो साप एका खोलीत वाढवणाऱ्यांकडून. त्यांना कप्प्याकप्प्यांच्या मांडण्या सोयीच्या पडतात. ती त्यांच्या धंद्याची सोय झाली, ती सापाची गरज म्हणून आपण का डोक्यावर घ्यायची? हा साप नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं साठी उलटल्यावर, २०२०मध्ये अंडी घातली. इतकी वर्षं कुणाला डब्यात ठेवायचं याचा विचार करा.

‘वर जाळी, बस.’

जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात, पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. साप रात्रभर नाकानं ढकलत राहतो आणि सैल जाळी त्याला अडवत नाही. सुटलेल्या बॉल पायथनला गल्लीत कुणी ‘पाळीव’ म्हणून ओळखणार नाही. तपकिरी अंग, ठिपके, जाड शरीर, लोक ‘घोणस’ म्हणून काठीनं मारतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही, आपल्याकडे घोणशीनं किती माणसं गेली आहेत.

याची उलट बाजू जास्त भयंकर आहे. तुमचा साप सुटला, दोन दिवसांनी मागच्या अंगणात, लाकडांच्या ढिगात जाड ठिपक्यांचं वेटोळं दिसलं, आणि घरातल्या पोरानं आनंदानं ‘सापडला!’ म्हणून हात घातला. ती घोणस असेल तर? घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारी माणसं दरवर्षी दवाखान्यात पोचतात, आणि सगळी घरी परत येत नाहीत. वर म्हटलं ना, एका गोष्टीपायी माणूस मरू शकतो, ती ही. म्हणून पेटी समोरून उघडणारी, सरकत्या काचांची आणि कुलूप असलेली घ्या. आणि सुटलाच तर आधी शेजाऱ्यांना सांगा, मग शोधा, आणि खात्री नसेल तर सर्पमित्राला बोलवा.

‘नोंदणी-बिंदणी लागत नाही.’

लागते. विषारी-बिनविषारीचा तिथे संबंध नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या (साइटिस) यादीतले परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. बॉल पायथन त्यात आहे. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते, मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊ नका. आणि ‘बॉल पायथन’ म्हणून कुणी आपल्या इथलाच अजगर गळ्यात मारत असेल तर सावध राहा. तो पहिल्या अनुसूचीतला आहे, बाळगला तर किमान तीन वर्षांची कैद आहे.

राहता राहिले पंधराशे रुपये. माझी पेटी ओळखीच्या सुतारानं प्लायवूडची केली, आतून पाणी न लागणारा रंग देऊन दोन आठवडे उन्हात वाळवली, सरकत्या काचा ॲल्युमिनियमच्या कामवाल्याकडून बसवल्या. हीटर, थर्मोस्टॅट, दोन मापकं धरून बारा-तेरा हजार लागले. माठ शेजारच्यांनी फुटला म्हणून दिला. भुसावळच्या पोरानं एकदम एवढे पैसे घातले नाहीत. आधी पेटी पत्र्याच्या खोलीतून खाली आणली, वाळू काढून कोकोपीट घातलं, दोन माठ पुरले, मग पगाराच्या पगाराला एकेक वस्तू घेतली. दिवाळीत चार फुटी पेटी झाली. मागच्या महिन्यात त्यानं कात पाठवली, वहीच्या पानात घालून. एकसंध होती. उजेडासमोर धरली, दोन्ही डोळ्यांच्या चकत्या होत्या, शेपटीचं टोकही होतं. जुन्या काचेच्या पेटीत आता त्याच्या बहिणीचे गप्पी मासे आहेत.